दाखल्यामागची फळी

देशाची सेवा केलेल्या माणसाला पुरावा लागत नाही. ती सेवा हाच त्याचा पुरावा. हे वाक्य कर्नलांनी सैनिक कार्यालयाच्या खिडकीवरच्या बाईंना घसा साफ करून ऐकवलं. बाईंनी ते पुरतं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मागची बाजू कुठंय?"

"मागे फळी आहे," कर्नल म्हणाले.

कर्नल ही पदवी गल्लीची. लष्करात ते सोळा वर्षं ट्रक चालवत होते; बढती घरी आल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानदारानं दिली. सेवामुक्तीचा दाखला त्यांनी पहिल्याच आठवड्यात स्वतः खळ शिजवून फळीवर चिकटवला, वर काच बसवली आणि पुढच्या खोलीत टांगला. त्याला एकेचाळीस वर्षं झाली. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. माजी सैनिकांच्या दवाखान्यात ऑपरेशन व्हायचं तर कार्ड हवं, आणि कार्डासाठी दाखला. म्हणून कर्नल अख्खी तसबीर काखोटीला मारून आले होते.

"पुढची बाजू पुरत नाही का? फोटो आहे, नंबर आहे, शिक्का आहे."

"आजोबा, कधी सुटलात, का सुटलात, वागणूक कशी होती, ते सगळं मागं असतं. साहेबांची सहीपण मागंच. दोन्ही बाजूंची झेरॉक्स लागते."

"मग फळीसकट काढा."

"फळी मशीनमध्ये जात नाही."

कर्नल तसबीर घेऊन घरी निघाले. मागे काय लिहिलंय हे जगात त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं, आणि ते तसंच राहावं म्हणूनच खळ शिजली होती.

घरात सगळ्यांना माहीत होतं की कर्नलांना लष्करानं गुडघ्यामुळे सोडलं. खरं कारण एक पत्र होतं. बायकोनं लिहिलेलं, चार ओळींचं. 'मुलगी तुमच्या फोटोला बाबा म्हणते. मागच्या वेळी तुम्ही आलात तेव्हा तुम्हाला काका म्हणाली. बाकी सर्व ठीक.' ते त्यांनी ट्रकच्या पायरीवर बसून वाचलं होतं. इंजिन गरम होतं, डिझेलचा वास येत होता, आणि शेजारच्या गाडीखालून जोडीदार पाना मागत होता. कर्नलांनी त्याला दोनदा चुकीचा पाना दिला. आजही डोळे मिटले की तो पाना कितीचा होता हे त्यांना सांगता आलं असतं.

पण बायकोच्या चार ओळींनी घरी आलेला शिपाई म्हणजे गल्लीत हसं. गुडघा बरा. गुडघ्याला कोणी हसत नाही.

"अहो, एवढं तोंड पाडायला काय झालं?" बायको म्हणाली. "वाफ दिली की सुटेल."

"फाटेल."

"लहानपणी मी पाकिटांवरची तिकिटं काढायचे वाफेवर."

"तिकीट वेगळं, दाखला वेगळा."

"खळ तीच ना?"

तिनं किटली ठेवली, काच काढली आणि फळी वाफेवर धरली. दुधावरची साय सुटावी तसा कागद कडेनं सुटत गेला. कर्नल खुर्चीत गुडघा धरून बसले होते.

"वाचून दाखवते."

"नको, ओला आहे."

"ओलं वाचता येतं मला." तिनं चष्मा नाकावर ओढला. "वागणूक, अतिशय चांगली. ह्यांना काय माहीत म्हणा. सुटण्याचं कारण..." ती थांबली. "स्वतःच्या विनंतीवरून. घरगुती."

किटली फुरफुरत राहिली. बंद करायचं दोघांनाही सुचलं नाही.

"आणि गुडघा?"

"तो नंतर दुखायला लागला."

"किती नंतर?"

"तू तेल लावायला लागलीस तेव्हापासून."

तिनं सुटल्याची तारीख वाचली, बोटांवर महिने मोजले. "पत्र मिळालंच नाही म्हणाला होतात."

"मिळालं होतं."

"आणि त्याच दिवशी अर्ज दिलात?"

"दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी गाडी होती माझ्याकडे."

कोरड्या फडक्यानं तिनं कागद टिपला, एकदा टिपून झाल्यावर पुन्हा टिपला.

"पोरीला सांगू?"

"नको."

"बरं," ती म्हणाली, आणि संध्याकाळी फोनवर पोरीला सगळं सांगितलं. कर्नल आतल्या खोलीतून ऐकत होते. चार ओळी तिला अजून पाठ होत्या.

दुसऱ्या दिवशी खिडकीवरच्या बाईंनी मागच्या बाजूला सही आहे एवढं पाहिलं, दोन्ही बाजूंची झेरॉक्स फाइलला लावली आणि कार्ड दिलं. ऑपरेशनला तारीख मिळाली सात महिन्यांनंतरची.