एका पुठ्ठ्यात दोन पासपोर्ट

पासपोर्ट कार्यालयातल्या बाईंनी माझी वस्तू हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली आणि शेजारच्या खिडकीतल्या माणसाला दाखवली. त्याने तिसऱ्याला हाक मारली. चाळीस वर्षं मी एका मोठ्या ग्रंथालयात पुस्तकं बांधली, पण माझं काम बघायला तीन माणसं एकदम कधी जमली नव्हती. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

"आजोबा, हे काय केलंय?" बाईंनी विचारलं.

"दोऱ्याची बांधणी आहे. नुसतं चिकटवलेलं नाही. पाठीला कातडं लावलंय, शंभर वर्षं हलणार नाही."

"ते नाही विचारलं मी. हे दोन पासपोर्ट आहेत."

"हो. एक माझा, एक बायकोचा."

"आणि तुम्ही ते एकमेकांना शिवलेत?"

शिवतात ते कपडे, पुस्तक बांधतात. पण मागे रांग चुळबुळत होती, म्हणून हा फरक मी समजावत बसलो नाही. मान हलवली.

बायको जाऊन अकरा वर्षं झाली. ती गेली त्याच्या पुढच्या महिन्यात, एका रिकाम्या दुपारी, मी हे काम केलं होतं. कपाटात दोघांचे पासपोर्ट एकावर एक पडलेले दिसले. दोन्ही कोरे. एकोणीस वर्षांपूर्वी तिनेच खटपट करून काढलेले, ताईकडे जायचं म्हणून. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, लग्नानंतर परदेशात गेली ती तिकडचीच झाली. ती दरवर्षी बोलवायची आणि मी दरवर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी. ग्रंथालयात फाटक्या पुस्तकांचा ढीग कधी संपायचाच नाही. "पुस्तकं काय पळून जाणार आहेत?" बायको म्हणायची. पुस्तकं कुठेच गेली नाहीत. त्या दुपारी मला एवढंच वाटलं, की ही दोन पुस्तकं तरी सुटी राहू नयेत. मूर्खपणा होता, पण बांधणी सुरेख झाली.

"हा तुमचा पासपोर्ट संपूनच नऊ वर्षं झालीत," बाई म्हणाल्या. "त्यात हे असं. दोन्ही वेगळे करून आणा. तुमचा जुना आम्ही जमा करून घेऊ, मग नव्याचं बघू. बाईंचा त्या गेल्या तेव्हाच परत करायला हवा होता. तोही आणा, मृत्यूचा दाखला लावून."

"तिच्या पासपोर्टचं काय करता?"

"रद्द करून नष्ट करतात."

"हरवला म्हणून लिहून दिलं तर?"

"आता कसा हरवेल? मी बघितला ना!" त्या हसल्या. बाई वाईट नव्हत्या. मग त्यांनी अर्जावर बोट ठेवलं. "आणि हा रकाना रिकामा आहे. तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं?"

"माझी ताई आहे. परदेशात."

"इथलं कोणीतरी हवं."

मी पेन त्या रकान्यावर टेकवलं आणि परत उचललं. शेवटी बाईच म्हणाल्या, "घरून भरून आणा. पण लवकर या. तुमच्यासारख्या प्रकरणाला पाच आठवडे लागतात, जास्तच."

ताईचं हृदयाचं ऑपरेशन सात आठवड्यांवर आलं होतं. तिचं वय अठ्ठ्याहत्तर. रविवारच्या फोनवर ती म्हणाली होती, "बारक्या, आता पुढच्या वर्षी म्हणू नकोस. मला भुलीचं औषध द्यायच्या आधी एकदा तुझं तोंड दाखव." मला बारक्या म्हणणारं जगात दुसरं कोणी उरलेलं नाही. बाकीच्यांसाठी मी आजोबा, काका, नाहीतर दुसऱ्या मजल्यावरचे.

घरी जाताना जिन्याखालच्या इस्त्रीवाल्याकडे थांबलो. चौदा वर्षं माझे शर्ट त्याच्याकडे जातात.

"एका अर्जावर तुमचं नाव लिहू का? मला काही झालं तर तुम्हाला कळवतील."

"लिहा की," तो इस्त्री न थांबवता म्हणाला. "पण फोन आला तर मी ओळखू कसा? तुमचं नाव काय?"

मी नाव सांगितलं. मग मी त्याचं विचारलं. चौदा वर्षांनी आमची ओळख झाली. हसण्यासारखंच होतं, पण वर जाईपर्यंत मी त्याचं नाव घोकत राहिलो.

जेवण उरकून मी खिडकीपाशी टेबल ओढलं. दाभण, बारीक कात्री, कातडं सोलायची रापी, ओलं फडकं, सगळं मांडलं. मी बांधलेलं सहजी सुटत नाही अशी माझी ख्याती होती, आणि त्या ख्यातीने त्या दिवशी माझ्याच नाकी नऊ आणले. आधी कातडं सोडवलं. दुसऱ्या कोणी माझ्या कामाला असा हात लावला असता तर मी त्याची सालटी काढली असती. एक एक टाका कापताना वाटत होतं, चांगले नांदत होतो आम्ही दोघं इथे, कोणाचं काय बिघडलं होतं?

कातड्याच्या आत पाठीला कागदाची पट्टी असते. बळकटी यावी म्हणून बाइंडर ती खळीने चिकटवतात, आणि त्यासाठी कोणी कोरा कागद वाया घालवत नाही. हाताला येईल ती रद्दी घेतात. त्या दुपारी मी तिच्याच खणातलं जुन्या कॅलेंडरचं एक जाड पान घेतलं होतं. छापील बाजू वर होती, तारखा बघितल्या, कामाचं आहे म्हणालो आणि मापाने कापलं. मागे काय आहे हे बघायचं मला सुचलं नव्हतं. रद्दी वाचत बसणारा बाइंडर पोट भरू शकत नाही, असं मी नव्या पोरांना शिकवायचो.

ओल्या फडक्याने खळ भिजली आणि पट्टी अलगद निघून आली. मागच्या बाजूला बॉलपेनने लिहिलेलं होतं. तिचं अक्षर. बारीक, एकाखाली एक. पट्टी तीन बोटं रुंद, त्यामुळे प्रत्येक ओळीचं डोकं गेलेलं आणि शेपूटही.

ती प्रवासाची यादी होती. कुठे नुसतं "स्वेटर", कुठे "साठी शाल". "गोळ्या". "दोन चष्मे". ताईच्या नातवासाठी काहीतरी लोकरीचं. मी एकेक ओळ बोटाने लावत गेलो आणि मला हसूच यायला लागलं, कारण त्यात माझा दाढीचा साबणसुद्धा होता. मग शेवटची ओळ आली. "हे नाही आले तरी". पुढे काही नाही. पुढचं मी माझ्याच हाताने, सुरेख सरळ कापून टाकलं होतं.

हे म्हणजे मी. मी नाही आलो तरी काय? ती जाणार होती? एकटी? जिला बाजारात जायलाही सोबत लागायची ती? पान जिथे कापलं तिथला उरलेला तुकडा अकरा वर्षांपूर्वी केरात गेला होता.

रविवारची वाट न बघता मी ताईला फोन लावला. तिकडे सकाळ होती.

"ताई, ही कधी एकटी तुझ्याकडे यायला निघाली होती का?"

ताई म्हणाली, "तुला सांगू नका म्हणाली होती. आता काय त्याचं. हो, निघाली होती. फोनवर म्हणाली, ताई, हे नाही आले तरी मी येते. मी खोलीसुद्धा लावून ठेवली होती रे."

"मग?"

"मग आठ दिवसांनी परत फोन. म्हणे, राहू दे. एक महिना यांना एकटं कसं ठेवू? यांना एकटं राहता येत नाही."

ताई "बारक्या, बारक्या" करत राहिली. मी टेबलावर सुटे झालेले दोन पासपोर्ट बघत होतो आणि भोकाड पसरून रडत होतो, अगदी लहानपणी ताईसमोर रडायचो तसा.

दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडायच्या आधीच मी रांगेत उभा होतो. पट्टी पाकिटात घडी करून ठेवली होती. ती कोणी मागितली नव्हती. बाईंनी मला ओळखलं. अर्ज बघितला, इस्त्रीवाल्याचं नाव वाचलं, हे कोण म्हणून विचारलं. "ओळखीचे आहेत," मी म्हणालो. मग दोन्ही पासपोर्ट आणि तिच्या मृत्यूचा दाखला त्यांच्यापुढे सरकवला. माझा त्यांनी बाजूला ठेवला. तिचा उघडला. फोटोत ती हसू दाबून बसली आहे, फोटोवाल्याने दटावलं होतं म्हणून. बाईंनी पानं उलटली. एकही शिक्का नव्हता.

"कधीच कुठे गेल्या नाहीत?"

"नाही," मी म्हणालो. "तिला मला एकटं ठेवायचं नव्हतं."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. तिचा पासपोर्ट त्यांनी दुसऱ्या कागदांआड, मला दिसणार नाही असा ठेवला आणि मगच रद्दचा शिक्का उचलला.

"तुमचा पाच आठवड्यांत येईल," त्या म्हणाल्या. "एकटेच जाणार ना?"

मी हो म्हणालो.