पुढचा ब्रेक

दिगंबररावांचा एकच हेका: पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, गाडी उलटते! तीस वर्षं सदाशिव पेठेतून स्कूटर चालवली, कधी साधं खरचटलं नाही, मग काय, हे सांगणार आणि बाकीच्यांनी ऐकायचं. लेकीला, अवनीला, मोटरसायकल शिकवली तीही अशीच.

मागच्या सोमवारी कंपनीत जाताना वाघोलीजवळ पुढचा ट्रक कचकन थांबला. अवनीने मागचा ब्रेक दाबला, चाक फरफटलं आणि गाडी ट्रकवर आदळली. पुढचा दिवा फुटण्यावर निभावलं, ती वाचली. गॅरेजवाल्या संभाजीने पुढचं चाक उघडलं आणि म्हणाला, “काका, पाच वर्षांची गाडी, अन् पुढचा ब्रेक कोरा करकरीत कसा?” तेव्हापासून दिगंबररावांची झोप उडाली.

येत्या सोमवारी ती पुन्हा त्याच रस्त्याने जाणार होती. म्हणून रविवारी सकाळीच वाघोलीतल्या एका अर्धवट बांधलेल्या सोसायटीच्या मोकळ्या रस्त्यावर त्यांनी वीट मांडली. हँडल सरळ, दोन्ही ब्रेक एकदम, पुढचा दाबत न्यायचा, विटेच्या अलीकडे थांबायचं. संभाजीने सांगितलेलं सगळं पाठ होतं. पण अवनी तीनदा आली आणि तीनदा विटेपलीकडे घसरत गेली.

“बोटं आहेत की शोभेला ठेवलीत?” येरझाऱ्या घालत ते खेकसले.

“तुमचाच आवाज येतो कानात! हात लावू नकोस, हात लावू नकोस! तुम्ही दाखवा बरं.”

“त्यात काय एवढं!” म्हणत ते तावातावाने बसले. वीट जवळ आली, बोटं ताठच राहिली, पाय मात्र आपसूक दाबला गेला. गाडी आडवी होता होता वाचली आणि वीट मागे राहिली.

ते उतरले. चेहरा पांढराफटक.

“तीस वर्षं नुसता नशिबाने वाचलो गं मी,” ते म्हणाले. “चुकीचं शिकवलं तुला. घालवणार होतो तुला.”

 अवनी पुन्हा गाडी घेऊन गेली, जोरात आली, पुढचं टोक खाली दबलं आणि वीतभर आधी थांबली. लागोपाठ पाच वेळा. दिगंबररावांनी डोळे पुसले.

“शाब्बास! चल घरी.”

“घरी कुठे? बसा,” चावी त्यांच्या हातात ठेवत ती म्हणाली. “दिवसभर ऑफिसात असते मी, बाबा. तेव्हा तुम्ही स्कूटर घेऊन रस्त्यावरच असता, मला काळजी नाही का?”

 दिगंबरराव गाडीवर बसले आणि बोटं पुढच्या ब्रेकवर ठेवली.