जिनपुऱ्यातली एकमेव हरकत

संघदीपचं लग्न एका अटीवर ठरलं होतं: घरावर माडी, आणि माडीला लागून संडास-बाथरूम. अट दीपमालाची होती आणि रास्त होती. घर म्हणजे एक खोली आणि एक सैपाकघर. त्या खोलीत संघदीप, त्याची माय इंदूबाई, बाप उकंडा आणि उकंडाचं घोरणं असे चौघं झोपत.

ही माडी संघदीपनं स्वतःच्या हातानं बेकायदेशीर करून टाकली, तीही सरकारी शाईनं.

त्याचं झालं असं. दारव्ह्याहून जीपनं अर्ध्या तासावर असलेल्या संघदीपच्या गावाच्या नगरपरिषदेला वरून आदेश आला, की हद्दीतला एखादा भाग ऐतिहासिक म्हणून जाहीर करून जतन करा. मुख्याधिकारी साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर कापसाची एक बंद जिनिंग, एक पाण्याची टाकी आणि टाकीच्या सावलीत बसलेली म्हैस होती.

"आपल्याकडे ऐतिहासिक काय आहे?" साहेबांनी विचारलं.

म्हशीनं कान हलवला. मग साहेबांची नजर बांधकाम परवान्याच्या टेबलावरच्या कंत्राटी संघदीपवर थांबली. आर्किटेक्चरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम त्यानं अमरावतीला सात वर्षं सखोल केला होता. जुन्याला धरून बसायची त्याला सवय असणार, असं साहेबांना वाटलं. "हे काम नीट कर, तुझ्या नोकरीचं पाहतो," ते म्हणाले.

संघदीपनं शहराचा सर्वंकष अभ्यास केला. म्हणजे टेप घेऊन बाहेर पडला, ऊन लागलं, घरी गेला, दोन गिलास पाणी प्यायला आणि आपलीच गल्ली निवडली.

गल्लीचं नाव जिनपुरा. जिनिंगवर कापसाच्या गठाणी वाहणाऱ्या आज्या-पणज्यांनी बांधलेली कवेलूंची, म्हणजे कौलांची, बुटकी घरं, आणि प्रत्येकापुढे ओटा. गल्लीची एक रीत होती. उन्हाळ्यात ओट्याची डागडुजी करताना तो वीतभर पुढे घ्यायचा. समोरच्यानंही घ्यायचा. भांडायचं नाही. या समजूतदारपणामुळे आता समोरासमोरच्या ओट्यांवर बसून दोन घरच्या बायका एकाच सुपात तूर निवडत. कचेरी याला अतिक्रमण म्हणायची. संघदीपनं अहवालात 'शेजारधर्माचा स्थापत्यातला आविष्कार' असं लिहिलं आणि स्वतःच्याच वाक्यावर बराच वेळ खूश होता.

"म्हंजे आता आमचा वटा कोनी तोडत नाई?" समोरच्या कौसल्याकाकूनं विचारलं.

"तोडला तर तोडणाऱ्यालाच दंड, काकू."

काकूनं त्याच्या हातावर गरम भजे ठेवले. दुसऱ्या दिवसापासून गल्ली त्याला साहेब म्हणू लागली. हा मान डोक्यात गेला, आणि त्या भरात त्यानं मोठ्या शहरांच्या नियमावल्या समोर ठेवून जिनपुऱ्याची नियमावली लिहिली. सगळ्यात जोरदार नियम होता, 'विद्यमान घरांवर एकही वीट चढवता येणार नाही.' 'एकही' खाली त्यानं रेघ मारली.

मसुदा फलकावर लागला त्याच संध्याकाळी दीपमालाचा फोन आला.

"माडीचं काम कधी सुरू करून राह्यले?"

संघदीपनं तोंड उघडलं. मग त्याला रेघ आठवली.

"म्हंजे तू तुह्याच घरावर बंदी आणली?" उकंडानं विचारलं.

"बंदी नाही बाबा, संरक्षण."

"कोनापासून बे?"

संघदीपनं प्रामाणिकपणे विचार केला. "माझ्यापासून."

एक वाट उरली होती. मसुद्यावर हरकत आली, तर नियम बदलता येत होता. पण हरकत रहिवाशाचीच हवी, आणि मसुदा लिहिणाऱ्याची चालत नव्हती. संघदीपनं बापाकडे पाहिलं.

"मी नाई घेत," उकंडा म्हणाला. "हरकतीपायी सारंच रद्द झालं तं लोकायचे वटे जातीन. मले याच गल्लीत राह्याचं हाय."

मायकडे पाहायच्या आधीच माय सूप घेऊन ओट्यावर गेली होती.

शनिवारी दीपमाला आणि तिचे वडील किसनराव जीपनं आले आणि ओट्यावर बसले. किसनरावांना पाय पसरायचे होते, पण समोर कौसल्याकाकूचं घर होतं.

"जावईबापू, माडी नाई तं लग्न नाई," किसनराव म्हणाले. "पोरगी काय पडद्याआड संसार करन?"

"हरकत मी घेते," दीपमाला म्हणाली. ती दारव्ह्याच्या शाळेत गणित शिकवायची.

"तुम्ही इथल्या रहिवासी नाही."

"कधी होईन?"

"लग्न झाल्यावर."

"आणि लग्न कधी?"

"माडी झाल्यावर."

किसनरावांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "हे तं घाण्याच्या बैलावानी झालं."

"हरकतीची मुदत कधी संपते?" दीपमालानं विचारलं.

"सोमवारी."

"मग बाबा, लग्न उद्या."

रविवारी विहारात लग्न लागलं. पांढरी साडी, त्रिशरण, पंचशील, दोन हार. गल्ली डीजेपुढे मनसोक्त नाचली. नवरी कोणत्या कामाला आली आहे, हे नाचणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. ठाऊक असलेला नवरदेव घोड्यासारखा घामाघूम होऊन फोटोत हसत होता.

सोमवारी हरकत दाखल झाली. साहेबांनी लगेच सुनावणी घेतली, कारण हरकत एकच होती आणि चहा यायला वेळ होता.

"मसुद्याचं समर्थन कर," ते संघदीपला म्हणाले. "नोकरीत कायम व्हायचंय ना?"

संघदीप उठला. क्षितिजरेषा, कवेलूंची लय, पूर्वजांचा घाम, सगळं त्याला पाठ होतं. समोर दीपमाला हळदीच्या हातांची घडी घालून बसली होती.

"तुम्हाला काय म्हणायचंय, मॅडम?"

"वटे राहू द्या, साहेब. कवेलू राहू द्या. फक्त मागच्या बाजूनं, गल्लीतून दिसणार नाही अशी एक खोली वर चढवू द्या. सगळ्यांनाच. आमचे सासरे इतके घोरतात, की इतिहास जागा होते."

साहेब हसले नाहीत, पण पेन खाली ठेवलं. "बोल, संघदीप."

"साहेब, त्यांचं बरोबर आहे," संघदीप म्हणाला. सात वर्षांच्या शिक्षणातलं त्याचं हे पहिलं बिनतोड उत्तर होतं. "नियम मी लिहिला. घाईत लिहिला. ऊन होतं."

"असं लेखी आलं तर तुला कायम करणं अवघड आहे."

संघदीपनं लेखी दिलं. रेघ न मारता.

नियम बदलला. ओटे वाचले, म्हणून गल्लीनं सुनेला माफ केलं; संघदीपला मात्र साहेब म्हणणं बंद झालं. नोकरी कंत्राटीच राहिली, आणि टेबलही तेच, त्यामुळे जिनपुऱ्यातल्या पहिल्या माडीचा, उकंडाच्या सहीचा अर्ज त्याच्याच पुढ्यात आला. तो त्यानं दोनदा परत पाठवला. नकाशात त्रुटी होत्या. काढणारा हलगर्जी दिसत होता.