घंटीच्या आत

"हात ढिला सोड वं बाई. बैलाचा कासरा धरल्यावानी काहून धरून राहिली?"

गोपिका असं म्हणाली तशी समोरची बाई ओशाळून हसली. पुतणीच्या लग्नाच्या खरेदीला ती पारशिवनीकडच्या एका खेड्यातून आली होती. विळ्याने केलेल्या गव्हाच्या सवंगणीने तिचे हात राठ झाले होते, त्यात उन्हाने बोटं सुजलेली. गोपिकाने तिचा हात साबणाच्या पाण्यात बुडवला, अंगठ्याचं मूळ हळूहळू चोळून मऊ केलं आणि हिरवी बांगडी हाडापर्यंत आणून थांबवली. आता त्या बाईने फक्त श्वास सोडायचा होता.

टण्‌!

गल्ल्याजवळच्या टेबलावरची घंटी वाजली. दचकून त्या बाईची मूठ आवळली. गोपिकाने बांगडी जागच्या जागी धरून ठेवली म्हणून ती शाबूत राहिली.

"गोपिकाबाई, घंटी झाली," मधुसूदन खुर्चीतून म्हणाला. "अजून एकच हात? बाकावर पाहा, किती बाया बसून आहेत."

"झालंच जी," गोपिका म्हणाली. तिने वर पाहिलं नाही. पुन्हा पहिल्यापासून तो हात चोळायला घेतला.

इतवारीतलं बाबूलालजींचं बांगड्यांचं दुकान जुनं होतं. खरेदीला आलेल्या बायका तिथेच बसून बांगड्या भरून जात. गादीवर तिघीजणी असत. रंभाबाई सगळ्यांत जुनी, आता डोळ्यांनी अधू झालेली. गोपिका चाळिशीची. आणि प्रेमिला, वर्षभरापूर्वी लागलेली, अजून शिकणारी. बाबूलालजींचे गुडघे धरले तसे ते घरी बसले आणि त्र्याहत्तरच्या लग्नसराईच्या तोंडावर त्यांनी मधुसूदनला सुपरवायझर म्हणून आणलं. तो आधी एका कापडगिरणीत टाइमकीपर होता. तिथली नोकरी कपातीत गेली होती. सराईत धंदा वाढवून दाखवलास तर कायम करीन, असं बाबूलालजींनी त्याला सांगितलं होतं.

माणूस वाईट नव्हता. शिवीगाळ करत नसे, नजर सरळ होती. पण गिरणीत जे शिकला तेच त्याने इथे आणलं. मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचं आणि घंटी मारायची. घंटीच्या आत गिऱ्हाइकाचे दोन्ही हात भरून व्हायला हवेत. मागे पडेल तिला चारचौघांत नाव घेऊन हाक.

"गिरणीतला साचा जसा चालते, तसा हात चालला पायजे," तो म्हणायचा. "बांगडी काय, मागाचा धोटा काय."

हे ऐकून गोपिकाला हसूही यायचं आणि रागही. ती उमरेडच्या विणकराच्या घरची. पाय जमिनीला टेकत नव्हते तेव्हापासून सुताच्या कांड्या भरलेल्या. लग्न होऊन तांडापेठेत आली तीही मागाच्याच घरात. आता सूत मिळत नव्हतं म्हणून नवऱ्याचा, रुपरावचा माग बंद होता आणि तो कापूस बाजारात गठाणी उचलायला जात होता. घरात रोजचा म्हणता येईल असा पैसा गोपिकाच्याच हाताचा होता. नोकरी सोडायचा विचार तिच्या मनाला शिवलाही नाही. साहेबाला घाई पाहिजे ना, मग घाई शिकून घ्यायची, असं तिने ठरवलं.

त्या संध्याकाळी घरी आल्या आल्या तिने दार लोटलं, दुकानातून आणलेल्या जुन्या, बेरंगी बांगड्या काढल्या आणि रुपरावला म्हणाली, "हात आना इकडे."

"माहा?"

"मंग कोणाचा? शेजारणीले बोलावलं तं साऱ्या पेठेत होईन."

रुपरावने निमूट हात पुढे केला. विणकराचा हात, लांब बोटांचा. मोठ्या मापाची बांगडी कशीबशी चढत होती. गोपिका भरायची, काढायची, पुन्हा भरायची. कोपरापर्यंत बांगड्या घालून रुपराव मागाला टेकून बसला होता.

"आता कोणी दार वाजवलं तं मी काय करू गा बाप्पा?" तो म्हणाला.

"पदर घ्या डोक्यावर."

दोघंही खूप हसली. पण हसताहसता गोपिकाच्या ध्यानात आलं की हाडावर बांगडी जेवढा वेळ मागते तेवढा ती मागतेच. तिथे घाई केली की रुपरावसुद्धा 'आई गं' करत होता. वेळ जातो तो त्याच्या आधी. बांगड्यांची माळ सोडण्यात, रंग दाखवण्यात, माप चुकलं की पुन्हा शोधण्यात, आणि सगळ्यांत जास्त हात मऊ करण्यात.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी तिने रंभाबाईला गाठलं. म्हातारीला बारीक काम दिसत नव्हतं, पण नुसता हात हातात घेऊन ती माप सांगायची आणि ते चुकत नसे.

"रंभाकाकू, तुम्ही गादीवर नोका बसू. बाकावर बसा, बायांच्या मधात. पाण्याचं घमेलं घ्या, हात चोळून ठेवा, माप सांगा, रंग ठरवून घ्या. माह्यापुढे बाई येईन थे हात मऊ करूनच आली पायजे."

"अन् गप्पा कोण मारन?" रंभाबाईने विचारलं.

"थ्याही तुम्हीच मारा. त्यानंच तं हात ढिला पडते."

युक्ती लागू पडली. रंभाबाई बाकावर बसून कुणाची सून, कुठलं गाव, आंबे उतरले का, असं विचारत एकेक हात चोळायची. गोपिका आणि प्रेमिलासमोर बायका यायच्या त्या निवांत होऊन. घंटी वाजायच्या आत दोन्ही हात भरून होऊ लागले. बाक पटापट रिकामा होऊ लागला. मधुसूदनने त्या दिवशी तिघींना चहा मागवला. "पाहा, जमते की नाही?" तो म्हणाला. त्याचा चेहरा खरंच खुलला होता.

गोपिकाला वाटलं, निभलं.

आठवडा झाला नाही तोच घंटी लवकर वाजायला लागली. आधी तिला वाटलं आपलाच हात मंदावला. मग प्रेमिलाही मागे पडायला लागली तेव्हा कळलं.

"साहेब, घंटी लवकर होऊन राहिली का?"

"हो. तुम्हाले जमते म्हणून तं कमी केला टाइम. एवढं जमलं, तसं हेही जमन." आणि हिशेबाचा साधा मुद्दा सांगावा तसं तो पुढे म्हणाला, "अन् रंभाबाईले उद्यापासून सुट्टी. बसून नुसते हात चोळते, गप्पा मारते. थे काय काम झालं?"

रंभाबाई बाकावरच होती. तिने ऐकलं. हातातला हात तिने तसाच पूर्ण चोळला, घमेल्यातलं पाणी रस्त्यावर टाकलं आणि चपला घालून निघून गेली. गोपिका समोरच्या बाईचा हात भरत राहिली. बोलायला हवं होतं हे तिला घरी जाताना रस्ताभर टोचत राहिलं.

दुसरा दिवस मुहूर्ताच्या आदल्या दिवसासारखा गर्दीचा. बाहेर ऊन असं की दाराच्या वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारलं की लगेच सुकत होतं. उमरेडची एक लग्नाची मंडळी आली. नवरी, तिची आई, मावश्या, चुलत्या. नवरी प्रेमिलासमोर बसली. कोवळी पोरगी, घाबरलेली, हात लाकडासारखा ताठ. चोळायला कोणी नव्हतं. प्रेमिलाची नजर हातावर कमी आणि टेबलाकडे जास्त.

टण्‌!

प्रेमिलाने बांगडी ढकलली. काच मोडल्याचा बारीक आवाज आला. नवरीच्या मनगटावर आधी पांढरी रेघ उमटली आणि मग ती लाल झाली.

"माय वं!" नवरीची आई उठून उभी राहिली. "लग्नाचा चुडा! पहिल्याच हाताले!" तिला रडूच फुटलं. मावश्या पिशव्या गोळा करू लागल्या. "चाल वं, दुसऱ्या दुकानात जाऊ. येथं नाही भराचा आता."

मधुसूदन उठून आला. त्याचा चेहरा पडला होता, पण शब्द निघाले ते कडक. "प्रेमिला, उठ तिथून. उद्यापासून येऊ नको."

प्रेमिला उठायला लागली. गोपिकाने आपल्या समोरच्या बाईला म्हटलं, "थांब वं मावशे, आलीच," आणि सरकून प्रेमिलाच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

"थे नाही उठन, साहेब."

"काय?"

"तिनं हाताकडे पाह्यलं असतं तं बांगडी वाढली नसती. तिले घंटीकडे पाहा लागून राहिलं, म्हणून झालं."

एवढं बोलून ती नवरीकडे वळली. पोरीचा हात आपल्या मांडीवर घेतला, काच टिपली, थंड पाण्याने धुतला. प्रेमिलाला म्हणाली, "हळद आन." हळद दाबून धरताना तिने नवरीच्या आईकडे पाहिलं.

"माय, मीही उमरेडचीच आहो. कोष्टीपुऱ्यातली. तुह्या पोरीचा चुडा मी भरून देतो. एक बांगडी वाढली, तं त्याच्या बदल्यात तिचं एक दुखणं गेलं समज. बस."

बाई डोळे पुसत बसली. उमरेडच्या माणसाने उमरेडच्या बाईला दिलेला शब्द होता तो.

गोपिकाने हात चोळायला घेतला. घाई नाही. नवरीला विचारलं, नवरा पाहिला का? पोरगी लाजली. बोटं जरा सुटली. एक बांगडी गेली. दुसरी. घंटी वाजली. गोपिकाने मान वर केली नाही. पुन्हा वाजली. सगळ्या बायका बघत होत्या.

"गोपिकाबाई, घंटी ऐकू येऊन राहिली का?"

"येऊन राहिली जी. घंटी तुमची आहे, वाजवा. पण हात हिचा आहे अन् बांगडी काचेची. थे दोन मी पाहीन."

"मग उद्यापासून तुम्हीही येऊ नका."

घरातला बंद माग, गठाणींनी वाकलेला रुपराव, सगळं गोपिकाच्या डोळ्यांसमोरून गेलं. बांगडी मात्र हलली नाही. "उद्याचं उद्या पाहू," ती म्हणाली. "आज हिचा चुडा भराचा आहे."

आणि तिने तो भरला. दोन्ही हात, मनगटापासून वरपर्यंत. मग बाकावरच्या एकेका बाईला बोलावलं आणि त्यांचेही हात तसेच, त्यांच्या त्यांच्या वेळाने भरले. प्रेमिला तिच्याकडे बघून तसंच करू लागली. एकही बाई उठून गेली नाही.

सकाळी गोपिका नेहमीच्याच वेळेला निघाली. फक्त वाट वाकडी करून रंभाबाईच्या दारात गेली.

"चाला काकू."

"काढलं ना मले?"

"मलेही काढलं. चाला."

मधुसूदन आला तेव्हा तिघी आपापल्या जागी होत्या, रंभाबाईसमोर पाण्याचं घमेलं होतं आणि बायका बसलेल्या होत्या. एवढ्या गिऱ्हाइकांसमोर तिघींना उठवणं त्याला जमेना. त्याने बाबूलालजींना निरोप धाडला. ते सायकलरिक्षात बसून, गुडघ्यांना हात लावत आले आणि गल्ल्यावर बसून राहिले. मधुसूदन कानाशी काहीबाही सांगत होता. ते दुपारपर्यंत नुसते बघत होते. गोपिकाने त्यांच्याकडे एकदाही आर्जवाने पाहिलं नाही.

जेवायच्या वेळेला बाबूलालजींनी घंटी उचलून टेबलाच्या खणात टाकली.

"काल उमरेडवाल्या भांडून गेल्या असत्या, तं त्या गावातून एक बाई परत नसती आली," ते म्हणाले. "चालू द्या जसं चालून राहिलं तसं. रंभाबाई सराई होईपर्यंत राहीन."

"अन् सराई झाल्यावर?" गोपिकाने विचारलं.

बाबूलालजींनी रिक्षावाल्याला हाक मारली.

सराई संपली. धंदा झाला आणि मधुसूदन कायम झाला. रंभाबाईचं काम मात्र पावसाळा लागताच बंद झालं. गोपिका बाबूलालजींच्या घरी जाऊन दोनदा बोलली, तिसऱ्यांदा प्रेमिलाला घेऊन गेली. उपयोग झाला नाही. शेवटी तिने प्रेमिलाला माप हाताने ओळखायला आणि गप्पा मारत हात चोळायला शिकवलं, जसं रंभाबाईने गोपिकाला शिकवलं होतं. मधुसूदन येरझारा घालायचा, घड्याळ बघायचा, कधी 'जल्दी करा' म्हणायचाही. गोपिका 'हाव जी' म्हणायची आणि हाताला लागेल तेवढा वेळ घ्यायची.

दिवाळीनंतर एका दुपारी, दुकान रिकामं असताना, मधुसूदन बायकोला घेऊन आला. पुष्पलता तिचं नाव. सातवा लागला होता, ओटी भरायची होती. चेहरा सुजलेला, हात तर एवढे फुगलेले की बोटांच्या पेरांत खळ्या पडल्या होत्या.

"माहेरच्या कासाराने हात पाहून नाही म्हटलं," मधुसूदन खाली बघत म्हणाला. मग हळूच, "लागू द्या वेळ लागते तेवढा."

गोपिकाने पुष्पलताचे हात कोमट पाण्यात सोडले. बाकावर तिच्याजवळच बसली. काय खावंसं वाटतं, झोप लागते का, विचारत राहिली. मधुसूदनला तिथे थांबवेना. तो बाहेर पायरीवर उन्हात जाऊन पाठमोरा उभा राहिला. आत पुष्पलता 'स्स' करायची तसे त्याचे खांदे वर व्हायचे. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना त्यानेच पायरीवर अडवलं.

"जरा बसा, बाई. आत वेळ आहे."

ऊन पायरीवरून उतरून रस्त्यावर गेलं तेव्हा कुठे शेवटची बांगडी हाडावरून सुटली. एकही वाढली नव्हती. पुष्पलताने दोन्ही हात हलवून आवाज ऐकला आणि रीतीप्रमाणे बांगड्या भरणारीच्या पाया पडायला वाकू लागली. त्या पोटाने तिला वाकवेना.

"राहू दे, राहू दे," म्हणत गोपिकाने तिला धरलं आणि दारापर्यंत आणून सोडलं.

मधुसूदनने बायकोचा हात धरून तिला पायरी उतरवली. मग तो मागे वळला. रस्त्यात उभ्या उभ्या त्याने दोन्ही हात जोडले, जरासा वाकला आणि बायकोच्या चालीने, एकेक पाऊल टाकत, गर्दीतून निघून गेला.

गोपिकाने ओले हात पदराला पुसले आणि पायरीवर थांबलेल्या बाईला म्हणाली, "ये माय, तुहा हात पाहू."