उरलेले नऊ

बोटाएवढी कुपी, तळाशी पांढऱ्या भुकटीची चिमूट — दहा बाळांची गोवराची लस, एकदा सोबतच्या पाण्यात कालवली की सहा तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. लसकेंद्रातल्या सिस्टरने ती मुठीत घेतली. गार लागली, आणि कालचं ते तापलेलं कपाळ तळहाताला आठवलं...

मागच्या इमारतीत, वॉर्डात, अंगभर पुरळ आलेलं बाळ श्वासासाठी धडपडत होतं. तीन आठवड्यांपूर्वी तेच बाळ इथे, याच खुर्चीत, आईच्या मांडीवरून सिस्टरच्या घड्याळाचा पट्टा ओढत खुदखुदत होतं. "एकटंच आहे हो. दहा जमले की कुपी फोडते. मंगळवारी या." किती गोड बोलले मी! "सिस्टर, परत सुट्टी नाही मिळायची," आई म्हणाली होती. नाहीच मिळाली.

भिंतीवर काचेतलं मानपत्र — वर्षभरात एकही डोस वाया न घालवणारं केंद्र. वाया गेले तर पुढच्या महिन्याचा पुरवठा कापतात. म्हणून कुपी जपायची आणि लेकरं परत पाठवायची... परत गेलेल्यांना कुठल्याच तक्त्यात जागा नाही. एकट्या बाळापुरती कुपी का नसते, तिने एकदा डॉक्टरांना विचारलं होतं. "असते की," ते चहा ढवळत म्हणाले, "पण महाग पडते, म्हणून वरचे साहेब मागवतच नाहीत. मागणी नाही, तर कंपनी कशाला बनवेल? तुमचं बाळ एकटं आलं, यात कंपनीची काय चूक?" सगळे हसले होते. तीही.

आज पुन्हा एकच. आजोबांच्या कडेवर नऊ महिन्यांची नात, एका पायात मोजा, दुसरा वाटेत कुठे गळला कोण जाणे.

"दहा जमायचे असतील ना?" आजोबांनीच विचारलं. "सूनबाईनं बजावलंय, सिस्टर परत पाठवतील, वाद घालू नका."

म्हणजे कीर्ती घरोघर पोचली होती.

"बसा," ती म्हणाली. "बाही वर करा तिची."

झाकण उचकटलं, पाणी सोडलं, भुकटी विरली. सुई टोचताच पोर खच्चून रडली.

"आजीवर गेलीय," आजोबा म्हणाले, "आधी गळा, मग डोळे."

ते गेले. खोलीत ती आणि उरलेले नऊ. एक डोस दारातून परतलेल्याचा, एक सुट्टी न मिळालेल्या आईच्या तान्ह्याचा, एक... पुढचे चेहरे आठवेनात. तिने ते नीट पाहिलेच नव्हते. साहेब ओरडतील, मानपत्र उतरेल — उतरू दे. हलकं वाटेल अशी तिची समजूत होती. पण वाटलं नाही. कुपी फोडायला किती वेळ लागला? आजोबांना बाही सारायला लागला, त्याहूनही कमी.

तेव्हाही तेवढाच लागला असता.