अकरा झाकणं

“माणसाची खरी ओळख त्याच्या होडीच्या रंगावरून होते,” असं जाहीर करून मापसाहेब होडीतून खाली उतरायला गेले आणि त्यांचा डावा पाय प्रायमरच्या डब्यात घोट्यापर्यंत बुडाला.

मेहुण्यानं पायाकडे पाहिलं. “मग तुमची गुलाबी म्हणायची का, भाऊजी?”

“फडकं दे.”

“देतो. पण रंग मात्र नारिंगी घ्या.”

फडक्यासाठी पुढे केलेला हात मापसाहेबांनी तसाच हवेत ठेवला.

मापसाहेब तेहतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते. पारड्याच्या बुडाला चिकटवलेलं मेण त्यांना दुकानाच्या पायरीवरूनच कळायचं. पुढे नोकरी संपली. संशयाला निवृत्तीचं वय नसतं, तो राहिला. त्याच्याच सोबतीनं त्यांनी घरामागच्या पत्र्याच्या छपराखाली चार वर्षं खपून एक दहा फुटी होडी बांधली. तिच्या दोन्ही बाजूंत केसाचाही फरक नव्हता. ती तरंगेल की नाही, याबद्दल मात्र घरातलं कोणी एक अक्षर बोललेलं नव्हतं, आणि मापसाहेबांना ऐकायचं होतं ते नेमकं तेवढंच. तेही बायकोच्या तोंडून. अख्खी गल्ली जिला वहिनी म्हणायची ती ही बाई चार वर्षं होडीला ‘तुमची ती पेटी’ म्हणत आली होती.

आणि परवा जेवताना हीच बाई एकदम म्हणाली, “पेटीला नारिंगी रंग द्या.”

काल मुलीचा फोन आला. तिनं आधी गुडघ्याची चौकशी केली आणि मग, “बाबा, होडी नारिंगी छान दिसेल हं.” होडीचं पुढचं टोक कुठलं हे जिला अजून माहीत नव्हतं, ती ही मुलगी. आणि आज हा मेहुणा, ज्यानं जन्मात स्वतःचा शर्ट स्वतः निवडला नव्हता. तीन दुकानांचे काटे एकाच बाजूला झुकले, तर दोष काट्यांत नसतो. आधी कोणीतरी येऊन गेलेलं असतं.

“तुला कोणी सांगितलं?”

“काय?”

“नारिंगी.”

“मनात आलं.”

“तुझ्या मनात?”

मेहुणा फडकं शोधायला म्हणून घरात गेला, तो परत आलाच नाही.

मापसाहेबांचा रंग केव्हाच ठरला होता. शेवाळी. शेवाळी होडी पाण्यावर दिसत नाही, नुसती असते. उठून दिसायची हौस दुकानांच्या पाट्यांना असावी, असं त्यांचं मत होतं. गुलाबी पाय तसाच चपलेत घालून ते रंगाच्या दुकानात गेले. या रंगवाल्याचं लिटरचं माप त्यांनी नोकरीत असताना दोनदा तपासलं होतं आणि दोन्ही वेळा ते बरोबर निघालं होतं. त्यामुळे त्याच्यावर त्यांचा विशेष संशय होता.

ते पायरी चढले तसा रंगवाल्यानं नारिंगीचा डबा काउंटरवर आणून ठेवला.

“मी अजून तोंड उघडलेलं नाही,” मापसाहेब म्हणाले.

“नाही का? मला वाटलं, उघडलंत.”

मापसाहेबांनी डब्याकडे पाहिलंही नाही. ते त्याच्या हातांकडे बघत राहिले. चेहरा सगळ्यांनाच सांभाळता येतो, हातांचं तसं नसतं. रंगवाल्यानं आधी डबा सरकवला, मग परत होता तिथे आणला, मग हात पाठीमागे घेतले.

“वहिनी आल्या होत्या,” तो म्हणाला. “गेल्या मंगळवारी. पण आत नाही आल्या हो. समोरच्या फुटपाथवर उभ्या राहिल्या, त्या शिंप्याच्या दुकानापुढे. मला म्हणाल्या, एकेक झाकण दारात धरा.”

प्रत्येक डब्याच्या झाकणावर आतल्या रंगाचा एक हात मारून ठेवायची रंगवाल्याची पद्धत होती.

“किती झाकणं?”

“अकरा. मधून बस जायची, तेवढं थांबायचं. दहा झाकणांना ‘पुढचं’ म्हणाल्या. नारिंगी धरलं तशा लगेच, ‘हेच.’ आणि साहेबांना सांगू नका म्हणाल्या.”

“मग सांगितलंस कशाला?”

“तुम्ही असे हातांकडे बघता, साहेब. माणसानं करायचं काय?”

मापसाहेब रस्त्यावर आले आणि शिंप्याच्या दुकानापुढे, बायको उभी राहिली होती तिथेच उभे राहिले. इथून झाकण बशीएवढं दिसत होतं. म्हणजे लांबून दिसणारा रंग हवा होता. लांबून काय दिसावं लागतं? बुडणाऱ्याचं जाकीट. त्याच्याकडे फेकायचं कडं. मापसाहेबांच्या मनात एकदम सगळा हिशेब जुळला. घरात बैठक होऊन ठराव पास झालेला होता. होडी बुडणार याबद्दल दुमत नव्हतं. बुडालेली लवकर सापडावी, एवढीच सर्वांची सदिच्छा होती. मुलीलासुद्धा त्यात घेतलं होतं.

ते पुन्हा दुकानात गेले आणि चार झाकणं मागून घेतली. पांढरं, निळं, शेवाळी आणि नारिंगी.

“ही कशाला?” रंगवाल्यानं विचारलं.

“पुरावा.”

घरी वहिनी ओट्यापाशी उभ्या होत्या. मापसाहेबांनी झाकणं टेबलावर एकावर एक ठेवली, जरा आवाज करूनच.

“चार वाजता गच्चीवर जाऊन उभी राहा. फोन जवळ ठेव. मी तळ्याच्या काठावरून रंग दाखवतो. कुठला दिसतो, कुठला दिसत नाही, एकदाचं स्पष्ट होऊ दे.”

“अहो, एवढं काय त्यात?”

“अकरा झाकणं,” मापसाहेब म्हणाले.

ओट्यावर काहीही सांडलेलं नव्हतं, तरी वहिनी तो पुसत राहिल्या.

तळं गल्लीच्या टोकालाच होतं. घराच्या फाटकापासून काठापर्यंत दोनशे चाळीस पावलं, आणि मापसाहेबांची पावलं म्हणजे मोजलेली पावलं. सोबत मेहुणा होता. झाकणं धरायला नेलं होतं, पण मापसाहेबांच्या लेखी तो अटकेत होता.

“तुझ्या ताईला वाटतं होडी बुडेल. हो ना?”

“मला खरंच माहीत नाही, भाऊजी. ताई म्हणाली, नारिंगी म्हण. मी म्हटलं.”

गच्चीच्या कठड्याशी वहिनी उभ्या होत्या. इथून त्यांच्या साडीचे काठसुद्धा ओळखू येत होते. मापसाहेबांनी एका हातानं फोन कानाला लावला आणि दुसऱ्या हातानं पांढरं झाकण उंच धरलं.

“हा?”

“नको.”

निळं धरलं.

“नको.”

शेवाळी धरताना त्यांनी झाकण जरा हलवलंही, पक्षपात म्हणून नव्हे, केवळ उन्हासाठी.

“हा दिसतोय की नाही?”

“दिसतोय हो. पण नको.”

उत्तरं फार चटकन येत होती. खरा काटा आधी जरा डुलतो, मग थांबतो. ठेवल्याबरोबर थांबतो तो काटा कोणीतरी खालून दाबलेला असतो. अशा वेळी खात्याचा एक साधा नियम होता. पारडं रिकामं करून बघायचं.

मापसाहेबांनी झाकण गवतावर ठेवलं. फोन कान आणि खांद्यामध्ये दाबला आणि दोन्ही रिकामे हात वर केले.

“आणि हा?”

वहिनी कठड्यावरून जरा पुढे वाकल्या.

“हा जरा बरा आहे,” वहिनी म्हणाल्या. “पण नकोच. फिका वाटतो.”

मेहुण्यानं तोंड उघडलं. मापसाहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं ते आवाज न करता मिटलं.

हात वरच होते. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, कोणीतरी शरण येतंय.

“अहो? आहात ना?”

“आहे.”

“मग बोलत का नाही?”

मापसाहेब वाकले. वाकायला त्यांना नेहमीपेक्षा वेळ लागला. त्यांनी नारिंगी झाकण उचललं, बाहीनं पुसलं आणि हात पुरेल तितकं उंच धरलं.

“हां,” वहिनी म्हणाल्या. “आता दिसलात.”

तेहतीस वर्षांत मापसाहेबांनी एकही तपासणी अहवालाशिवाय सोडली नव्हती. त्या दिवशी ते काठावर तसेच उभे राहिले आणि मग घराकडे निघाले. या खेपेला पावलं मोजली नाहीत.

“भाऊजी, ताईला डोळ्यांनी—”

“झाकणं नीट धर. परत द्यायची आहेत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नारिंगीचे दोन डबे घेऊन आले. मेहुण्यानं विचारलं, “शेवाळी?” तर म्हणाले, “तो मापात बसत नाही.” एक बाजू रंगवून होत आली तेव्हा मागचं दार उघडलं. वहिनी पायरीवरून उतरल्या, आधी पायानं तिची कड चाचपून. बहुधा कितीतरी दिवस त्या अशाच उतरत असाव्यात. या छपराखालून मापसाहेबांना ते रोज दिसलं असणार. ते तेव्हा फळ्या मोजत होते.

“काल शेवटून दुसऱ्या वेळी हातात काही नव्हतं ना तुमच्या?”

“तुझा भाऊ बोलला?”

“तो कशाला बोलतोय. तुम्ही गप्प झालात. एवढे गप्प तुम्ही आपल्या लग्नातसुद्धा नव्हतात.”

मापसाहेबांनी ब्रश डब्याच्या कडेला निथळवला. पुष्कळ वेळ निथळवला.

“सांगायचं नाही का?”

“सांगितलं असतं तर ही टाकून माझे डोळे मोजत बसला असतात. म्हटलं, होऊ दे एकदा पाण्यात, मग दाखवू डॉक्टरला.” वहिनींनी होडीवर हात ठेवला, ओल्या रंगावरच, आणि तो तसाच राहू दिला. “तळ्यात कुठे आहात, एवढं गच्चीवरून कळलं की मला पुरे.”

“बुडणार नाही ती.”

“बुडेल असं मी कधी म्हटलं? चार वर्षं तुम्ही तिच्या मानगुटीवर बसलायत. तिची बिशाद आहे का बुडायची?”

मापसाहेब होडीच्या पलीकडच्या बाजूला गेले आणि एकच फळी तीनदा रंगवली. मग घसा साफ केला, ब्रश खाली ठेवला. संसार, पाणी आणि विश्वास यांविषयी त्यांना काहीतरी मोठं सुचत होतं आणि ते आता ते बोलणार होते.

“ते राहू दे,” वहिनी म्हणाल्या आणि मुठीतली गोळ्यांची दोन पाकिटं पुढे केली. “आता कळलंच आहे, तर यातली तुमची कुठली आणि माझी कुठली, तेवढं वाचून सांगा. दोन महिने मी अंदाजानंच देतेय.”