धवले जपणारी डिस्क

मित्रांनो, तळहाताएवढी, काळी, एका कोपऱ्याला पोचा आलेली अशी मी जुनी हार्ड डिस्क आहे. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. माझी आठवण सुरू होते ती पेणच्या एका दुकानापासून. तिथून किमयाने मला खाडीकाठच्या आपल्या घरी नेले.

किमयाची आजी बायजाबाई. उमेदीची वर्षे मिठागरात गेली, पण पंचक्रोशीत तिचे नाव होते ते लग्नाची गाणी, म्हणजे धवले, म्हणणारी धवलारीण म्हणून. लग्नात हळदीपासून वरात निघेपर्यंत प्रत्येक विधीला तिचा धवला लागे. तिला लिहिता येत नव्हते. सगळी गाणी तोंडपाठ. किमयाने मागच्या उन्हाळ्यात तिला ओटीवर बसवून एकेक धवला फोनमध्ये घेतला.

"कितींदा म्हणू गो? घसा हाय का भोंगा?" म्हातारी कुरकुरायची आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायची.

फोन भरला, तेव्हा सगळे एकवीस धवले माझ्यात आले आणि फोनमधून पुसले गेले. पावसाळ्यात बायजाबाई वारली. मार्गशीर्षात किमयाच्या भावाचे, विशालचे लग्न ठरले होते. त्यात धवले आता आपणच म्हणणार, असे किमयाने सांगून टाकले. रोज संध्याकाळी ती मला कॉम्प्युटरला जोडी, आजीमागून एकेक ओळ म्हणे आणि झाल्यावर आठवणीने काढून ठेवी. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग खंडेनवमी आली. किमयाचे वडील प्रविण डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर काम करतात. त्यांनी पाने-पकडी मांडल्या, त्यांच्याशेजारी कॉम्प्युटर बंद करून ठेवला, आणि मी जोडलेली होते तशीच मलाही हळदकुंकू लावले. किमया मला काढायला आली.

"पूजा झाली हाय गो," ते म्हणाले. "आज हत्यार हलवाचा नाय."

दसऱ्याच्या सकाळी बटण दाबले, तर काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली. त्यापुढे काही नाही. त्या काळजीत मला काढायचे किमयाच्या ध्यानात राहिले नाही.

मित्रांनो, कॉम्प्युटर जागा होताना उठायचे कसे याच्या सूचना शोधतो. त्या त्याच्या पोटातल्या डिस्कवर असतात. पण आमच्या कॉम्प्युटरला आधी बाहेर जोडलेल्या वस्तूकडे बघायची सवय लावलेली होती. तो माझ्याकडे सूचना मागत होता आणि अडून बसला होता. माझ्याकडे सूचना नव्हत्या, गाणी होती. माझी वायर ओढली असती, तर तो लगेच उठला असता. पण हे मी सांगणार कसे?

दुसऱ्या दिवशी किमया परीक्षेसाठी पहाटेच कॉलेजला गेली. प्रविणना सुट्टी होती. त्यांनी कॉम्प्युटर माझ्यासकट, वरच्या झेंडूसकट चादरीत बांधला आणि रेल्वेने रोह्याला नेला. निडी स्टेशन गेल्यावर शेजारच्या माणसाने विचारले, "गणपती हाय काय त्यात?" प्रविण हसले.

रोह्याच्या दुकानात आदेश नावाचा कारागीर होता. "जुनं सगळं पुसून नवं टाकावं लागेल," तो म्हणाला. "आत काय ठेवण्यासारखं हाय का?"

"कंपनीचे कागद माझ्या फोनात हायत. पुसा," प्रविण म्हणाले.

त्याने आपल्या पेनड्राइव्हवरून मशीन उठवले, तेव्हा पडद्यावर दोन डिस्क दिसल्या, पोटातली आणि मी. मोठी ती मुख्य, असे धरून आदेशने मला निवडले. वरवर पुसले असते, तर कदाचित काही परत मिळाले असते. पण दोष मुळापासून जावा म्हणून त्याने खोलवर पुसायला लावले. दुपारपर्यंत माझ्यावर शून्ये लिहिली जात होती. हळदीचा धवला गेला. तेलवणाचा गेला. मध्येच खोकून म्हातारी म्हणायची, "थांब गो, पाणी दे," तेही गेले.

नवे टाकण्याआधी त्याने मशीन पुन्हा लावून पाहिले, तर तीच पांढरी रेघ. शेवटी आदेशने सहज माझी वायर काढली. कॉम्प्युटर लगेच उठला.

"हिच्यामुळंच अडलं होतं की," तो हळू आवाजात म्हणाला. "मशीन चांगलंच हाय तुमचं."

प्रविण खुशीत घरी आले. "झाला गो चालू. काय बिघडलाच नव्हता."

किमयाने मला जोडले. काढले. पुन्हा जोडले.

"बाबा, आजीचे धवले?"

"ते तुझ्या फोनात हायत ना?"

तिने सांगितले. प्रविण उंबऱ्यावर बसले. मग म्हणाले, "मना इचारला व्हता गो त्यानं. मीच पुसा म्हटला."

विशालच्या लग्नाचे चित्रण आता माझ्यात आहे, म्हणून पुढचे मला ठाऊक. किमया हळदीला उभी राहते. शिकून झालेले नऊ धवले नीट म्हणते. दहावा अर्ध्यावर थांबतो.

"पुढं म्हण गो," एक म्हातारी म्हणते.

"पुढचा मना येत नाय."

बायका एकमेकींकडे बघतात. कोणालाच येत नाही. प्रविण मांडवातून बाहेर जाताना दिसतात. मग कोणीतरी बँजोवाल्यांना वाजवायला हात करते.

मित्रांनो, कॉम्प्युटर उठला नाही, तर त्याला पुसायला निघू नका. बाहेरून जोडलेले सगळे आधी काढून पाहा. आणि घरातल्या माणसाचा आवाज माझ्यासारख्या एकाच डिस्कवर सोपवू नका. त्याची दुसरी प्रत करा, ती दुसऱ्या घरी ठेवा आणि त्यात काय आहे ते घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. प्रविणना कोणी सांगितले नव्हते.